शनीला बाजूने पाहावे

त्या शनिवारी कुसुमला वाटीतल्या तेलात स्वतःचे तोंड दिसले नाही.

दर शनिवारी सकाळी माझी बायको छायादान करायची. काशाच्या वाटीत तिळाचे तेल घ्यायचे, त्यात वाकून आपला चेहरा बघायचा आणि ते तेल शनीच्या पारावर देऊन यायचे. आपल्या छायेबरोबर आपली पीडाही तिकडे जाते, असा त्यातला भाव. तिची रास तूळ. साडेसातीच्या अडीच-अडीच वर्षांच्या तीन अडीचक्या असतात. त्यांतल्या दोन आमच्या घरावरून गेल्या होत्या आणि तिसरी चालू होती. पहिलीत माझ्या जुन्या कारखान्याला टाळे लागले आणि मी वर्षभर घरी बसलो. दुसरीत तिचा धाकटा भाऊ गेला. पोटाच्या साध्या ऑपरेशनसाठी आत नेला, तो टेबलावरून उठलाच नाही. आता तिसरी काय घेते, याची ती वाटच पाहत होती म्हणा ना. त्यामुळे तोंड दिसले नाही तेव्हा ती घाबरलीसुद्धा नाही. वाटी खाली ठेवली, पदर नीट केला आणि म्हणाली, "घेतली त्यानं माझी सावली."

मी नुकताच रात्रपाळी करून आलो होतो. हिंगण्याहून कंपनीची बस प्रतापनगरच्या चौकात सोडते, तिथून घरापर्यंत मी अर्धा झोपेतच चालतो. तरी ती वाटी मी दारात उजेडाला नेली. माझे तोंड मला नीट दिसले. दाढीचे खुंट, डोळ्यांखालचे काळे, सगळे. मग तिची हनुवटी धरून तिचे तोंड उजेडाला केले. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत दुधाचा थेंब पडावा तसे पांढरे झाले होते. किती दिवसांपासून, हे तिलाही सांगता आले नाही.

डॉक्टरांनी सांगितले, मोतीबिंदू आहे आणि पुरता पिकला आहे. उजव्यातही सुरुवात आहे, घरातल्या कमी उजेडात अंधुक दिसते ते त्यामुळे, पण त्याला अवकाश आहे. डावा मात्र पावसाळ्याच्या आत काढून टाका. पिकलेला तसाच ठेवला तर आतल्या आत फुटतो, डोळ्यात ताण चढतो, मग नजर जाते आणि ठणका तेवढा राहतो. कुसुमने सगळे मान खाली घालून ऐकले. डॉक्टरांना नमस्कार केला. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाली, शनी वृश्चिकेतून निघाला की करू.

शनी वृश्चिकेतून निघणार होता पुढच्या वर्षाच्या शेवटी.

चैत्र सगळा यातच गेला. मी समजावायचो, ती ऐकून घ्यायची आणि पोळी वाढायची. भांडली असती तर बरे झाले असते, निदान भांडण संपते तरी. तिच्या बहिणीने सांगून पाहिले, शेजारच्या प्रयागबाईंनी आपला ऑपरेशन केलेला डोळा जवळ आणून दाखवला. कुसुमचे एकच उत्तर: साडेसातीत अंगाला शस्त्र लावू नये, भावाच्या वेळेस लावले, ते पाहिले ना सगळ्यांनी. मीही शनीला हात जोडणाराच माणूस. त्याचे आख्यान मी महाल भागातल्या देवळात चंपतबुवांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की बुवा पुढचे पद उचलायच्या आधी माझा हात टाळीला उठतो. आठवड्यातून एकदा तिथे खांबाला टेकून बसायचे, पूर्वरंगात डुलकी काढायची आणि उत्तररंगाला तबल्याच्या थापेसरशी जागे व्हायचे, एवढीच माझी चैन. त्या बुवांचेच एक बोलणे तेव्हा डोक्यात घोळत होते: ऐकीव देवाचे भय वाटते, पाहिलेल्या देवाची माया लागते.

आणि त्याच सुमारास बसमध्ये मधुसूदन म्हणाला की आता संध्याकाळी शनी वर येऊन राहिला आहे, त्याच्याभोवतीचे कडे चांगले उघडे आहे, पाहायचा तर या.

मधुसूदन आमच्याच कारखान्यात टूलरूममध्ये. धूमकेतू येणार म्हणून त्याने वर्षभर खपून घरी काच घासली होती आणि दुर्बीण बनवली होती. धूमकेतू आला, पुसलेल्या खडूसारखा दिसला आणि गेला. लोकांचा उत्साहही गेला. मधुसूदनाने मग दुसरी, मोठी दुर्बीण बनवायला घेतली होती आणि ही पहिली त्याला कोणा हौशी माणसाला विकायची होती. मी त्या बसमध्ये कधी नव्हे तो पूर्ण जागा झालो. शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतो तो ठिपका, हे मला माहीत होते. पण पाहायचा, म्हणजे देव पाहावा तसा जवळून पाहायचा, हे कधी सुचलेच नव्हते. कुसुमने त्याला एकदा पाहिले तर? पारावरचा तो शेंदूर-तेलाचा काळा दगड नव्हे, खुद्द त्याला.

आधी मी सीताबर्डीवर ओमप्रकाशच्या चष्म्यांच्या दुकानात गेलो, कारण त्याच्या काचेत एक दुर्बीण धूमकेतूच्या आधीपासून उभी होती. पांढरी शुभ्र, सडपातळ, तीन पायांच्या स्टँडवर. खोक्यावर अंगठीसारखा शनी छापलेला. ओमप्रकाशने तिची पावर इतकी सांगितली की मला वाटले शनीच्या घरातली भांडी दिसतील. रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखून मी डोळा लावला. ट्रक गेला, पाटी थरथरली. मी श्वास सोडला, पाटी थरथरली. ओमप्रकाश म्हणाला, "भाऊसाब, हात मत लगाओ, आराम से देखो." हात न लावता ती वळवायची कशी, हे त्याने सांगितले नाही. आणि मला दुसरेच काही खटकत होते. ती सरळ रोखायची होती, बंदुकीसारखी. ज्याला पाहायचे त्याच्या थेट समोर उभे राहून. कुसुम हे मेली तरी करणार नव्हती. शनीच्या पाराजवळही बायका कधी समोर उभ्या राहत नाहीत. बाजूने येतात, बाजूनेच तेल वाहतात, त्याच्या नजरेला नजर देत नाहीत. गणपतीचे शिर ज्या नजरेने गेले ती ही नजर, असे आख्यानातच आहे.

महालात मधुसूदनाकडे गेलो तर गच्चीत एक जाड पुठ्ठ्याचा नळा पडला होता, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब, काळा रंगवलेला, आणि एक प्लायवूडची पेटी. मला ती पाहून आनंद झाला असे काही म्हणता येत नाही. कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखे ते दिसत होते. मधुसूदन म्हणाला की पावर पाहायची नाही, तोंड पाहायचे. वळचणीखाली गडवा ठेवला तर किती पाणी मिळते आणि घंगाळ ठेवले तर किती, तसेच उजेडाचे. ह्याच्या बुडाशी सहा इंचांचा आरसा आहे, ते घंगाळ. आणि दुसरे म्हणजे बैठक. पेटीत नळा ठेवायचा, पेटी पाटावर फिरते, खाली सनमायका आणि नायलॉनचे तुकडे, बस. स्क्रू नाही, मोटार नाही. बोटाने ढकलले की सरकते, सोडले की तिथेच राहते. ही रीत म्हणे अमेरिकेतल्या डॉब्सन नावाच्या माणसाने लोकांत पसरवली, आणि तो पूर्वी आपल्या रामकृष्णांच्या पंथाचा साधू होता; मठात राहायचा आणि रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायचा. हे ऐकून मी पेटीला मनातल्या मनात नमस्कार केला.

मग त्याने नळा दूरच्या पाण्याच्या टाकीकडे वळवला आणि मला डोळा लावायला सांगितले. मी सवयीने बुडाशी गेलो. तो म्हणाला, तिथे नाही, वर. आणि नळ्याच्या वरच्या टोकाशी, अंगाला, एक बारीक नळी होती ती दाखवली. मी वाकलो. टाकी दिसली, खाली डोके वर पाय अशी, तिच्यावर उलटा लटकलेला कावळा. मी डोके उचलले. टाकी माझ्या उजव्या हाताला होती. माझे तोंड भलतीकडेच होते.

मी विचारले, म्हणजे ज्याला पाहायचे त्याच्याकडे आपले तोंडच नाही? तो म्हणाला, नाही; उजेड बुडाच्या आरशावर पडतो, वर येतो, वरचा लहान तिरपा आरसा त्याला बाजूला फेकतो.

"म्हणजे हे बाजूनं दर्शन झालं," मी म्हणालो.

मधुसूदन हसता हसता खाली बसला. "गोपाळराव, धूमकेतू आल्यापासून मी लोकायले आरशाचे फायदे सांगून राह्यलो. या कारणानं घेनारे तुमी पहिले."

घरी कूलर घ्यायचा ठरला होता, तो त्या वर्षी राहिला. महालातून प्रतापनगरपर्यंत सायकलरिक्षात मी तो नळा मांडीवर आडवा धरून बसलो होतो आणि चौकाचौकात पोरे तोफ, तोफ म्हणत होती. कुसुमने दारातच पाहिले. तिने एक डोळा बारीक केला, कारण हल्ली दुसऱ्याने काही दिसतच नव्हते. "कूलर आनाले गेले होते ना तुमी? हा काय हवा देनार?" मी खरे ते सांगितले. तिने नळ्यावर पडलेली धूळ तेवढी पदराने पुसली.

पहिल्या संध्याकाळी मी गच्चीवर एकट्यानेच पाहून घ्यायचे ठरवले. मधुसूदनाने डोळ्याशी लावायच्या दोन काचा, डोळकाचा, दिल्या होत्या, एक मोठ्या भोकाची, एक बारीक. आधी मोठी लावा, शोधा, मग बारीक लावा, असे त्याने बजावले होते. मी थकलेला, मी म्हटले बारीकने मोठे दिसते तर आधीच मोठे पाहू. घाम पुसत नळा इकडून तिकडे फिरवला, काळोखाशिवाय काही सापडले नाही. शेवटी मोठी लावली तेव्हा तो सापडला, आणि मग बारीक लावली. तो उकळत होता. कढईतल्या वड्यासारखा त्याचा काठ फसफसत होता, मधूनच त्याचे दोन होत होते. मी मागे सरकलो. वाटले, नसते धाडस केले आपण. कुसुमला आता काय सांगायचे?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मधुसूदनाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "शनी नाही उकळून राह्यला. तुमचा स्लॅब उकळून राह्यला." नवतपाचे, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी हवेवर वाफ सोडतो आणि त्या वाफेतून पाहिले की सगळेच हलते. पाणी मारा भरपूर, म्हणाला, नाही तर थांबा. आणि नळा तासभर आधी बाहेर काढून ठेवा, आरशालाही निवावे लागते. पाणी तर आम्ही झोपण्यासाठी रोजच मारत होतो. आता मी दुपारपासून मारू लागलो. पाळी करून यायचे, खालून बादल्या वर न्यायच्या, ओतायच्या. माझे गुडघे त्या महिन्यात जितके बोलले तितके आयुष्यात बोलले नव्हते. पण शनी निवला. स्वच्छ, लहानसा, स्थिर. मी एकटाच पाहायचो. कुसुम गादी घालून पलीकडे पाठ करून पडलेली असायची. विचारायची नाही, पण मी काही पुटपुटलो की तिची बांगडी वाजायची, म्हणजे ती ऐकत होती.

एके दिवशी तिने स्वतःच सांगितले की बुवांना विचारू. आरशात पाहिले तर ते समोरून पाहणे होते का, एवढेच विचारायचे.

कीर्तन संपले होते. हल्ली देवळात पुढच्या दोन ओळीच भरतात, बाकीचे लोक टीव्हीसमोर असतात. चंपतबुवांनी उपरणे सोडून ओवा घातलेले गरम पाणी घेतले होते आणि भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांचाही गळा थकला आहे. वरचा सूर आता पेटीवालाच लावतो. मी मनात एक आशा धरून होतो की बुवा दोन गोष्टी ऑपरेशनबद्दलही सांगतील आणि माझे काम होईल. कुसुमने मान खाली घालून नेमके तेवढेच विचारले, जास्त एक शब्द नाही. बुवांनी पाणी संपवले. मग म्हणाले, "बाई, शनीसमोर उभं राहू नये हे मी जन्मभर सांगत आलो. आरशातून पाहू नये, हे मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मीही कोणाला सांगत नाही. जिथं शास्त्र गप्प आहे तिथं मी कशाला बोलू? पण पाहिलात तर मला येऊन सांगा. इतकी वर्षं त्याचं आख्यान लावतो आहे, मी कुठं पाहिला आहे त्याला."

तिने वाकून नमस्कार केला. परतताना रिक्षात तिने विचारले की शनैश्चर म्हणजे बुवा काय म्हणाले होते आज. हळू चालणारा, मी सांगितले. बारा राशी फिरायला त्याला तीस वर्षे लागतात, त्याचा एक पाय अधू आहे. "होय," ती म्हणाली, "म्हणून तं बसते तिथं बसते."

वैशाखातली अवस आली ती नेमकी शनिवारी. शनीचा जन्म त्याच तिथीचा. कुसुमने उपास धरला, सकाळी तेल देऊन आली आणि दुपारी, मी पहिली पाळी करून आलो तेव्हा, म्हणाली की आज पाहीन. डॉक्टरांकडून आल्यापासून डावा डोळा आणखी पांढरा झाला होता. अधूनमधून ती कपाळ दाबून बसायची आणि विचारले की उन्हाने दुखते म्हणायची. मी झोपलो नाही. बादल्या मोजणे सोडून दिले. दिवेलागणीला स्लॅबवर पाय ठेवता येऊ लागला. आग्नेयेला शनी वर आला, त्याच्या खाली ज्येष्ठेची तांबडी चांदणी. मी त्याला काचेत मधोमध आणला, बारीक डोळकाच लावली आणि स्टूल असे ठेवले की तिचे तोंड ईशान्येला होईल. ती आली, डोक्यावरून पदर घेतला, बसली. बाजूला हात जोडले, तिकडे न पाहता. मग वाकली.

"दिसला?"

"नाही."

मी पाहिले. तो काठाशी गेला होता. पुन्हा मध्ये आणला.

"आता?"

"पांढरं आहे. धुरावानी."

मी पुन्हा पाहिले. मला तो कड्यासकट लख्ख दिसत होता. काच पुसली. तिला बसवले. नाही म्हणाली. असे किती वेळा झाले कोण जाणे. मी वाकायचो, आणायचो, बाजूला व्हायचो, ती वाकायची, नाही म्हणायची. माझी कंबर भरून आली होती. शेवटी तिचे डोके नीट नळीवर आहे का हे पाहावे म्हणून मी अंधारात तिच्या गालाला हात लावला. तिचा तळहात उजव्या डोळ्यावर घट्ट होता. ती डाव्याने पाहत होती.

"कुसुम, तू या डोळ्यानं काहून पाहून राह्यली वं?"

ती नळीवरून उठली नाही. तशीच वाकून बोलली, जसे काही भाजीचे बोलते. "जो गेला, तोच त्याच्यापुढे करून राह्यली. नजर लागली तं यालेच लागू दे. उजवा मले तुमच्या डब्यासाठी ठेवाचा आहे."

मी ओल्या स्लॅबवर खाली बसलो. दोन महिने मला वाटत होते की ही वाट पाहते आहे, शनी जाईपर्यंत थांबली आहे. ती थांबली नव्हतीच. तिने तो डोळा त्याला कधीच देऊन टाकला होता, वाटीतल्या तेलासारखा, आणि आता उरलेल्या एकात माझ्या पोळ्या भाजायच्या एवढाच तिचा हिशेब होता. बुवांचे एखादे वचन आठवावे म्हणून मी शोधले. काही आठवले नाही. इतका दमलो होतो की जे होते तेच तोंडातून निघाले.

"गेला असं कोन म्हणलं तुले? डॉक्टर म्हणते गेला नाही, जाऊन राह्यला. दोहीत लय फरक आहे, कुसुम. जाऊन राह्यला त्याले धरता येते."

खाली कोणाच्या तरी घरी बातम्या लागल्या होत्या. मी पुन्हा शनी लावावा म्हणून उठायला गेलो तर गुडघा कडाडला, तो तिला ऐकू गेला.

"तुमी बसा," ती म्हणाली. "उजव्यानं पाहते. पन एकदाच."

मी बसल्याबसल्याच हात लांबवून नळा सरकवला, अंदाजाने. मग एकदा उठून खात्री केली आणि दूर झालो. तिने तळहात उजव्यावरून काढून डाव्यावर ठेवला. पदर आणखी पुढे ओढला. आणि वाकली.

तिने डोके जरा वरखाली केले. मला वाटले हेही फुकट गेले.

"ताम्हनात सुपारी ठेवल्यावानी आहे," ती हळूच म्हणाली.

मी हुंकार दिला.

"ताम्हन सुपारीले लागून नाही. मधात जागा आहे." मग थोड्या वेळाने, "लहान आहे वो. केवढासा आहे." तिच्या आवाजात जे आले ते भय नव्हते, भक्ती होती असेही नाही. लेकीच्या घरचे तान्हे पाहायला गेल्यावर बायकांचा आवाज होतो, तसा काहीसा होता. आम्हाला मूलबाळ नाही. तो आवाज मी तिच्या तोंडून फारसा ऐकला नव्हता.

"गेला," ती म्हणाली.

मी उठलो, आणला. ती वाकली. "आला." मग, "गेला."

पुन्हा उठलो. तिने माझा हात धरून मला बसवले आणि कसे ढकलायचे ते विचारले. मी सांगितले की उलटे दिसते, म्हणून तो ज्या काठाकडे पळतो त्याच काठाकडे नळा नेऊ नको. हळूच ढकलून पाहा, जवळ आला तर ठीक, लांब गेला तर उलटीकडे. पहिल्यांदा तिने घालवला. शिव्या नाही दिल्या, पण शनिवार नसता तर दिल्या असत्या. मग सापडला. मग तिला हात बसला. तळहात नळ्यावर ठेवून ती एवढे एवढे ढकलायची, थांबायची, ढकलायची, पाळण्याच्या दोरीसारखे. एकदाच पाहीन म्हणालेली बाई उठायचे नाव घेईना.

"अवो, याले तं हळू चालनारा म्हनते ना? हा तं श्वास घेऊ देत नाही. धरला की पळते."

मी मधुसूदनाने सांगितलेले सांगितले: पळतो तो शनी नव्हे, आपली पृथ्वी गरगरते, म्हणून सगळेच आकाश सरकते, शनीची स्वतःची चाल वेगळी, ती हळूच आहे. मी हे थकून, तुटक तुटक सांगितले. बरोबर सांगितले की नाही कोण जाणे. तिने डोळा न उचलता ऐकून घेतले.

"कोनी का फिरेना," ती म्हणाली. "थांबलं तं कोनी नाही ना? मीच तेवढी थांबून राह्यली इथं."

ती ढकलत होती, बांगडी नळ्यावर हलकेच वाजत होती. मग तिने सरळ विचारले की तो डॉक्टर कोणत्या वारी डोळे कापतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, मी सांगितले. तिने क्षणभर डोके वर केले. पूर्वेला झाडांच्या वर एक लालभडक तारा नुकताच आला होता आणि मी तिला आदल्याच आठवड्यात तो मंगळ आहे असे सांगून बसलो होतो.

"मंगळवार नको. तो याच्या मागून येऊनच राह्यला. शुक्रवारी न्या मले." आणि पुन्हा वाकली. "मंग आठ दिवस डबा बाहेरचा खा लागन तुमाले. प्रयागबाईले नका सांगू, ती मीठ नाही टाकत."

मी बरे म्हणालो. सोमवारी सुपरवायझरकडे रजा मागायची, डॉक्टरांकडे नाव लावायचे, तिच्या बहिणीला बोलावून घ्यायचे, असे एकेक मनात येत होते आणि निसटत होते. उपास सोडायचा होता, भात लावायचा होता. मी ओल्या स्लॅबवर आडवा झालो. पाठीला गार लागले. डोळे मिटता मिटता तिचा आवाज आला. मला वाटले मला काही म्हणते आहे, पण ती त्याच्याशीच बोलत होती, डोळा नळीला लावून, तळहात नळ्यावर ठेवून.

"थांब नं गा जरासा."